झालं म्हणजे काय झालं

माझ्या बायकोनं मला चार महिने फसवलं. एका शब्दानं फसवलं. तो शब्द ‘झालं’. त्याच्याही आधी मला धावायला शिकवणाऱ्या मास्तरानं फसवलं होतं, पण ते मला उशिरा कळलं.

मी बेळगावच्या वडगावातला. दुसऱ्याच्या मागावर साड्या विणत सुरुवात केली, आज माझे स्वतःचे माग आहेत. सूत घेताना मी समोरच्याला घाम फोडतो असं लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही. पन्नाशीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली म्हणून पहाटे धावणाऱ्यांच्या गटात गेलो. दहा किलोमीटर जमले, मग एकवीसचं वेड लागलं. मास्तरानं आहाराचा तक्ता दिला.

मी त्यावरही घासाघीस केली.

“लांब धावायच्या आदल्या दिवशी भाकरी नको, उसळ नको, खरडा नको,” तो म्हणाला. “पांढरा भात, बटाटा. पोट हलकं राहतं.”

“अर्धी भाकरी?”

“नको.”

“चतकोर?”

“अण्णा, ह्यो काय सुताचा भाव हाय व्हय?”

सगळे हसले, मीही हसलो. मग त्यानं ते वाक्य टाकलं. “आणि घरात एकच स्वयंपाक ठेवा. वेगळं शिजवायचं म्हटलं की चार दिवसांत मोडतं. सगळ्यांनी तेच खायचं. घरालाबी चांगलं.”

घरालाबी चांगलं. मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं आणि तक्ता फ्रिजवर चिकटवला. घरात आम्ही दोघंच, मुलगी लग्न होऊन सदलग्याला असते. बायकोला सात वर्षांपासून साखरेचा आजार आहे. मास्तरानं घरात कोण काय खातं हे विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

“म्हंजे आता भातच व्हय?” बायको म्हणाली.

“लांब धावायचं असंल तवाच गं.”

पण हळूहळू आठवड्यातले चार दिवस तसलेच व्हायला लागले. सकाळी केळी, दुपारी बटाटा, संध्याकाळी भात. दोन माणसांसाठी दोन स्वयंपाक करायचे म्हणजे तिला घर मोडल्यासारखं वाटतं. त्यामुळे माझ्या ताटात ते तिच्या ताटात. जोंधळ्याच्या पिठाला डब्यात कीड लागली, ते तिनं मला न सांगता टाकून दिलं.

दोन महिन्यांत तिची साखर वाढली. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल?

“काय न्हाय,” ती म्हणाली.

मी शेजारीच बसलो होतो. फोनवर माझी धावण्याची वेळ बघत होतो.

डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवली आणि बजावलं, गोळी घेतली की लगेच खायचं, थांबायचं नाही. तेवढं मात्र मी ऐकलं. म्हणून दर रविवारी लांब धावायला गेलो की आठ वाजता रस्त्यातून फोन करायचो.

“झालं काय गं?”

“झालं.”

एवढंच. मी फोन कमरेच्या पिशवीत टाकायचो आणि पुढे निघायचो.

त्या रविवारी सांब्र्यापर्यंत जाऊन परत फिरलो होतो. आठला फोन केला. झालं काय, झालं. वाटेत एक बाई रताळी घेऊन बसली होती. रताळं धावणाऱ्याला उत्तम, असं तक्त्यात होतं. मी भाव पाडायला बसलो. ती हटेना, मीही हटेना. दोनदा उठून गेलो, दोनदा परत आलो. शेवटी माझ्याच भावात रताळी घेतली आणि मोठा पराक्रम केल्यासारखा पिशवी हलवत घरी आलो. पावणेदहा झाले होते.

दार उघडं होतं. ओट्यावर पोहे झाकून ठेवलेले, शेजारी दोन ताटल्या. दोन्ही कोरड्या. ती ओट्याखाली भिंतीला टेकून बसली होती, पदर घामानं भिजून अंगाला चिकटलेला. धावलो मी होतो आणि घाम तिला होता.

तिनं वर बघितलं आणि म्हणाली, “या अण्णा, बसा. मालक भाईर गेल्यात.”

एकतीस वर्षांच्या संसारात ती मला कधी अण्णा म्हणाली नव्हती. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाली. रिकाम्या पोटी गोळी घेऊन तिची साखर पार उतरली होती. मी साखरेचा डबा शोधायला लागलो आणि आठवलं, साखर घरातून मीच काढली होती, तक्ता लावला त्या दिवशी. मध नाही. केळी काल मीच संपवली. शेजारी धावावं तर तिला एकटं सोडवेना.

मग कमरेची पिशवी आठवली. धावताना थकवा आला तर म्हणून ठेवलेला गुळाचा खडा, माझ्या घामानं ओला झालेला. तो पाण्यात कालवून चमच्या चमच्यानं तिच्या तोंडात घातला. निम्मा तिच्या हनुवटीवर सांडला. ती गिळते की नाही हे मी तिच्या गळ्याकडे बघून मोजत होतो. गिळ गं, गिळ, असं मी म्हणत होतो की नुसतं मनात, ते आजही सांगता येणार नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “अवो, बूट घालून आत आलासा व्हय?”

मी तिथंच बसलो आणि रडलो. मग रिक्षा करून दवाखान्यात नेलं. ती सावरली तसा माझा राग उसळला.

“झालं म्हणालीस की!”

“गोळी झाली म्हनलं की. खाल्लंस का म्हणून तुम्ही कवा इचारलासा?”

“आणि खाल्लं का न्हाईस?”

“माणूस उपाशी धावतंय आणि मी आधी खाऊन बसू व्हय?”

दर रविवारी ती अशीच थांबायची. मी नऊला यायचो म्हणून निभावत होतं. त्या दिवशी रताळ्यांनी पाऊण तास खाल्ला.

आता घरात भाकरी आहे, साखरेचा डबा आहे, आणि ती माझ्याआधी खाते, माझ्या समोर. पण मी घराबाहेर धावू शकत नाही. गल्लीच्या टोकाला गेलो की वाटतं, ती आत कुणाला तरी ‘बसा अण्णा’ म्हणत असेल. परत फिरतो. रात्री तिचा श्वास जरा हलका झाला तरी कपाळाला हात लावून घाम बघतो.

माझी चूक मी तिच्यापुढं कबूल केली आहे, एकदा नाही, रोज करतो. पण तो तक्ता मी फाडलेला नाही. मास्तराला विचारलं तर म्हणाला, “अण्णा, मी धावणाऱ्याचा आहार सांगतो, घरच्यांचा न्हाय.” मग ‘घरालाबी चांगलं’ हे कोण बोललं? कुणाच्या घराला? त्यानं माझ्या स्वयंपाकघरात यावं, ती बसली होती त्या भिंतीपाशी उभं राहावं, आणि हे तिला तोंडावर सांगावं. मी दार उघडं ठेवलं आहे. त्यानं यावं आणि जाब द्यावा.