विंगेतून पुढे आलेला आवाज

श्री. गजाननभाऊंची आणि माझी ओळख म्हापशातल्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या बाकावर झाली. मुलांसाठी मराठी गोष्टींची श्राव्य मालिका निघणार होती आणि तिच्यासाठी आजोबा-आजीचे आवाज हवे होते. जाहिरात वाचून मी डिचोलीहून गेले होते, ते पेडण्याहून आले होते. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि त्यांनी सुया-दोऱ्यांचे दुकान मुलाच्या हाती सोपवले होते. बाकावर आजीच्या आवाजासाठी विशीतल्या मुली बसल्या होत्या, याचा राग मला अजून आहे. त्या सरकल्या तेव्हा कुठे मला जागा मिळाली.

शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "तुमी टीचर मगे?"

"कशावरून?"

"येताच सगळ्यांका सरळ बसवलात."

ते भाऊ. पेडण्याकडच्या देवळांतून जत्रेला मराठी नाटके होतात. त्या नाटकांचे प्रॉम्प्टर म्हणून भाऊंनी उभे आयुष्य विंगेत काढले. या गोष्टीवर मला पुढे चार शब्द कडक बोलायचे आहेत. भाऊंच्या या गौरव अंकाच्या संपादकांनी "गोड लिहा" असे कळवले असले तरी.

त्या दिवशी आम्ही दोघेही नापास झालो. मला कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लहानपणी हनुवटी वर आणि हात मागे ठेवून वाचायला शिकवले होते. मी तसेच वाचले. काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाले, "मॅडम, नातवाला गोष्ट सांगायची आहे, बक्षीस समारंभ नाही." भाऊंची तऱ्हा वेगळी होती. विहिरीच्या काठावर गेलेल्या वासराची गोष्ट त्यांना दिली होती. त्यांनी पहिले वाक्य सपाट, दबक्या आवाजात म्हटले आणि ते थांबले. दुसरे म्हटले, पुन्हा थांबले.

"काका, थांबता कशाला?"

"नट म्हणतलो मगे," भाऊ उत्तरले.

आतली सगळी मंडळी हसली. मी हसले नाही. उभा जन्म ज्यांनी वाक्य पुढे करून दुसऱ्याची वाट पाहिली, ते थांबणार नाहीत तर काय करतील? पुन्हा संधी द्या, असे भाऊ कधीच म्हणाले नसते. मी म्हटले. म्हटले म्हणजे भांडले. दिग्दर्शकांनी आम्हा दोघांना पुढच्या आठवड्यात बोलावले, बहुधा मी निघून जावे म्हणून.

म्हापशाच्या बसस्टँडवर भाऊंनी मला एक गोष्ट सांगितली. "टीचर, इतकी वर्सा बोललय, ता लोकांक आयकू येव नये म्हणान. एकदा तरी लोकांनी आयकूक होया." मग ते पेडण्याच्या बसमध्ये चढले. त्या वाक्यानंतर मला माझ्या आजीच्या भूमिकेपेक्षा त्यांच्या आजोबांची काळजी जास्त लागली.

तो आठवडाभर मी त्यांच्या पेडण्याच्या घरी जात होते. सोप्यावर आम्ही दोघे, आणि स्वयंपाकघराच्या दारात कुसुमवहिनी अडाळ्यावर भाजी चिरत बसलेल्या. मी वाचले की भाऊ मान हलवत. "टीचर, तुमी सभेक वाचतात. माका एकट्याक सांगा." मी एकट्याला सांगायला शिकले ते वयाच्या या टप्प्यावर, आणि ते त्यांच्यामुळे. माझ्या विद्यार्थ्यांनी हे वाचू नये.

भाऊंचे थांबणे मात्र जाता जाईना. शेवटी वहिनीच कडाडल्या, "ओ, थांबलात कित्या? वासरू बांयत पडला काय नाय ता सांगा! माका भाजी फोडणेक घालूची आसा." भाऊ दचकून पुढे वाचू लागले. आवाजही मोठा झाला, कारण बायको रागावली की पुरुषाला तिच्यापर्यंत पोचावेच लागते. दोन-तीन दिवसांत ते सलग वाचू लागले. पण वासरू काठावरून खाली वाकते तिथे जुन्या सवयीने ते पुन्हा थांबले, आणि या वेळी अडाळ्याचा आवाजही थांबला. वहिनींच्या हातात अर्धी चिरलेली शेंग तशीच राहिली.

"भाऊ," मी म्हटले, "बाकीचे सगळे थांबे सोडा. हा ठेवा."

दुसऱ्या खेपेला भाऊ स्टुडिओत उभे राहिले आणि मी काचेच्या या बाजूला. दिग्दर्शक मोबाइल बघत होते. भाऊ वाचत गेले. वासरू काठावर आले, खाली वाकले, आणि भाऊ थांबले. दिग्दर्शकांनी मोबाइल खाली ठेवला.

"मग?" ते म्हणाले.

भाऊंनी पुढचे वाक्य सांगितले. आजोबांचा आवाज ठरला. आजीचाही ठरला, पण हा लेख माझ्यावर नाही.

त्यानंतर भाऊंनी कितीतरी गोष्टींतून आजोबा, राजे, म्हातारे वाघ आणि एकदा एक रुसलेला फणस आवाजातून उभा केला. प्रत्येक नवी गोष्ट आजही आधी वहिनींपुढे वाचली जाते.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगते. माझ्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले तेव्हा मला वाचायची मनाई होती आणि ध्वनिमुद्रण तोंडावर आले होते. काम हातचे जाणार म्हणून मी घरात सगळ्यांवर ओरडत होते. भाऊ रोज संध्याकाळी फोन करून माझे संवाद मला सांगत. एक वाक्य सांगत आणि मी म्हणेपर्यंत थांबत. जुनाच तो सपाट, दबका आवाज. मी विचारले, "भाऊ, जरा रंग भरून सांगा की." ते म्हणाले, "नाय टीचर. रंग तुमचो. मी भरलय तर तुमका माझो लागतलो." मी फोन ठेवला आणि डोळ्यांना पाणी लागू देऊ नका, ही डॉक्टरांची सूचना मोडली.

आता ते कडक चार शब्द. जत्रेच्या नाटकांच्या हस्तपत्रिकांवर नटांची नावे असत, पडदा ओढणाऱ्याचे असे, मांडव घालणाऱ्याचेही असे. भाऊंचे नसे. ज्या नटांची लाज त्यांनी झाकली, त्यांतले काही आज गौरव समितीत आहेत. आमंत्रणपत्रिकेवर त्यांनी भाऊंचे नाव सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापले आहे, हे मी तपासले. म्हणून इथेच थांबते.

पंचाहत्तरीच्या या समारंभात भाऊ रंगमंचाच्या मधोमध बसतील. त्यांना खुर्ची विंगेकडे सरकवू देऊ नका. आणि भाऊ, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, तुमचा आवाज असाच खणखणीत राहो आणि वहिनींचा अडाळा मध्येच थांबत राहो, हे आम्हा सगळ्यांना एकसुरात म्हणायचे आहे. हे वाक्य तुम्ही आम्हाला सांगायचे नाही. ते आम्हाला पाठ आहे. तुम्ही फक्त थांबा, आणि ऐका.