कापसाच्या खोलीतला दिवा

नेरजवळच्या लीलाबाई गावंडे यांच्या घरातली वायरिंग लाकडी पट्टीवरची, त्यांच्या लग्नाच्याही आधीची होती. २००५ च्या दिवाळीनंतर मधल्या खोलीच्या बोर्डातून ठिणगी उडाली. त्या खोलीत वेचणीचा कापूस छतापर्यंत भरलेला होता. भाव वाढला की तो विकायचा होता.

वायरमन गोपालने घर पाहून वीस हजारांचा अंदाज सांगितला. घरात त्याच्या निम्मेही पैसे नव्हते.

"कापूस विकला की करू," त्यांचे पती विठ्ठलराव म्हणाले. "भाव चढून राह्यला."

"दोन वर्सांपासून आयकून राह्यली मी," लीलाबाई म्हणाल्या. "तोवर कापूस ठिणगीखाली ठेवाचा काय?"

"मग मधली खोली आधी करू, काकू," गोपाल म्हणाला.

"नाही. त्या खोलीची तारच कापून टाक, त्याले पैसे लागत नाहीत. आहे त्या पैशात स्वयंपाकघर अन् न्हाणी कर. तिथं ओल्या हातानं बटन दाबतो आम्ही."

"अन् खोलीत उजेड?" विठ्ठलरावांनी विचारले.

"कायले? कापूस काय पेपर वाचून राह्यला?"

गोपालने मधली खोली टाळून नवी तार बाहेरच्या भिंतीवरून नेली. फेब्रुवारीत कापूस न चढलेल्या भावातच गेला आणि त्या पैशातून उरलेली वायरिंग झाली. मधल्या खोलीतही दिवा लागला. मात्र वेचणी सुरू झाली की लीलाबाई त्या खोलीचा फ्यूज काढून मिठाच्या बरणीमागे ठेवतात. विठ्ठलराव टॉर्च घेऊन कापूस पाहायला जातात.