काकूंना केक आवडत नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, आणि त्याच्यापासून मी फुटलेली कपबशीसुद्धा लपवत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? ठाऊक नाही. सांगते, एवढंच.

माझी आई जर्मन, बाबा पुण्याचे. ऐंशीच्या आसपास आम्ही बहरीनला, झिंजमध्ये राहायचो. आईशी जर्मन, बाबांशी आणि शाळेत इंग्रजी. मराठी मला कळायची, बोलता मात्र मोडकीतोडकीच यायची. नीट बोलायला पुढे पुण्याला आल्यावर शिकले. आईचं ‘नाही’ म्हणजे नाही. बाबांचं ‘बघू’ म्हणजेही नाही. एवढं मला सातव्या वर्षी पाठ होतं.

समोरच्या फ्लॅटमध्ये सांगलीच्या काकू राहायला आल्या. दोघींचंही इंग्रजी बेताचं, म्हणून मध्ये मी. आईने त्यांना शुक्रवारी चार वाजता कॉफीला बोलावलं. सकाळपासून सफरचंदाचा केक केला, टेबलक्लॉथला इस्त्री केली. केक विचारला, तर काकू म्हणाल्या, “नको नको, आत्ताच जेवले.” आईने लगेच त्यांची बशी उचलली. नको म्हणणाऱ्याला पुन्हा विचारणं तिच्या लेखी उद्धटपणा. काकू कॉफी संपेपर्यंत केककडे बघत होत्या.

असे तीन शुक्रवार गेले. आई खूष होती — केक कुणी खाल्ला नव्हता, तरी खूष. तिला मैत्रीण मिळत होती. आणि मी? मी अकरा वर्षांची होते. शुक्रवारची दुपार तोवर माझी होती. आई मला तिच्या गावच्या गोष्टी सांगायची, जर्मनमध्ये, फक्त मला. आता मी दुभाषी. मनातली अढी एवढीच — पण होती.

तिसऱ्या शुक्रवारी काकूंनी मला जिन्यात गाठलं. हसत होत्या. “अगं, आईला सांग ना, आम्ही पहिल्यांदा नाहीच म्हणतो! दोनदा आग्रह कर म्हणावं, मग बघ केक उरतो का. किती दिवस नुसता वास घेऊ?”

वर आले. आईने विचारलं, काय म्हणत होत्या?

मी म्हणाले — त्यांना आपला केक आवडत नाही. इथे यायलाही आवडत नाही. भिडेपोटी येतात.

शुद्ध, स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाले. एक शब्द अडखळला नाही.

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती थोडा वेळ टेबलक्लॉथची घडी घालत राहिली. मग म्हणाली, “खरं सांगितलं त्यांनी, हे चांगलं केलं. आता त्यांना संकोचात टाकायला नको.” त्यानंतर तिने काकूंना बोलावलं नाही. जिन्यात भेटल्या की मान लववायची आणि वाट सोडायची — त्यांना त्रास नको म्हणून! काकू दोन-चारदा थांबल्या, काहीतरी बोलू पाहत होत्या. माझ्याकडेही बघितलं. मी चपलेचा पट्टा नीट करत बसले. वर्षभराने त्या बुसैतीनला राहायला गेल्या.

आई आता माझ्याकडेच असते. परवा माझ्या मुलीला कौतुकाने सांगत होती, “बहरीनमध्ये मला तुझ्या आईशिवाय कुणीच नव्हतं.” बोलता बोलता तिने माझा हात हातात घेतला.

मी घेऊ दिला.