थुंकीतून निघालेला सख्खा भाऊ

कुठल्याही घरात चार-सहा किस्से पडून असतात. लग्नकार्यात जेवणं उरकली, खुर्च्या गोल झाल्या की ते बाहेर निघतात. गेल्या वर्षभरात आमच्याकडे बरेच जमलेत, पण खुर्च्या गोल झाल्या की मी पाणी प्यायला उठतो. हसण्यासारखे आहेत, पण आपल्याच घरात सांगायची लाज वाटते. तुम्ही बाहेरचे, म्हणून सांगतो.

*

माझी मुलगी सई कॅनडात असते. दिवाळीला आली तेव्हा तिने दोन डीएनए किट आणले. एक मला, एक माझ्या मावसभावाला, मिलिंदला. आपले पूर्वज कुठून आले ते कळतं म्हणे. नळीत थुंकायचं आणि नळी तिच्याकडे द्यायची, एवढंच काम.

मिलिंद घाटकोपरहून मुलुंडला आमच्याकडे खास थुंकायला आला. नळी भरता भरता म्हणाला, "इथे स्टेशनवर थुंकलं तर दंड घेतात. तुझी पोरगी विमानाने घेऊन चाललीय."

आम्ही खूप हसलो. तेवढंच हसलो.

*

रिझल्ट आला तो आईच्या वाढदिवसाला. आई, सुमनमावशी, मिलिंद, मी आणि माझी बायको नीता जेवायला बसलो होतो. व्हिडिओ कॉलवर सई.

"बाबा, गंमत सांगू? रिपोर्टमध्ये मिलूकाका तुझा सख्खा भाऊ दाखवतायत."

"अगं, मग आहेच सख्खा," नीता म्हणाली.

"तसं नाही ग. खरंच सख्खा. आई-वडील एकच. मी दोनदा चेक केलं."

मावशीचा श्रीखंडातला हात तसाच राहिला. मिलिंद ताटात बघत होता. आणि ऐंशीला टेकलेली माझी आई, जी रोज तासभर सईशी याच फोनवर फुकट बोलते, ती म्हणाली, "ठेव आता फोन. बिल येईल."

*

जेवण अर्धवट टाकून मी मिलिंदला खाली सोसायटीच्या बाकावर नेलं. बाबा आणि मिलिंदचे वडील, दोघेही वारलेले. मी आईचा एकुलता एक, मिलिंद मावशीचा एकुलता एक. मी दोन वर्षांनी मोठा. मी मनात हिशोब मांडून टाकला होता. पहिला झाला तो आईने ठेवला, दुसरा बहिणीला दिला.

"मिलिंद, तू आमचाच आहेस," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो. "आईने तुला दिलं म्हणून तिच्यावर राग धरू नकोस. तिचा काहीतरी नाइलाज असेल."

"नाही रे, राग कसला."

त्यानंतर मी रोज त्याला फोन करायचो. जेवलास का, झोप लागते का, उगाच विचार करू नकोस. एकदा तर सांगितलं, "इतकी वर्षं संजू म्हणालास, आता दादा म्हण. तुझा हक्क आहे."

तो म्हणाला, "बरं, दादा."

*

आई आणि मावशी दोघी तोंड उघडेनात. म्हणून आम्ही चेंबूरला मामांकडे गेलो. मामा आवाज बंद करून क्रिकेट बघत होते. मी मिलिंदचा हात हातात घेतला आणि विचारलं, "मामा, खरं सांगा. आईने मिलिंदला का दिलं?"

मामांनी आधी मिलिंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचं मालवणी अजून सुटलेलं नाही.

"तुझ्या आवशीन खंय कोणाक दिल्यान? तिणा घेतल्यान. तुका."

आईने दिलं नव्हतं, घेतलं होतं. मिलिंदला नव्हे, मला. मी मिलिंदचा हात सोडला. आतून मामींनी विचारलं, "चहा टाकू ना?"

"टाक," मामा म्हणाले. "संजूच्यात साखर जरा जास्त."

*

परतताना रिक्षात मी बाहेर बघत बसलो होतो. मिलिंद हळूच म्हणाला, "मला ठाऊक होतं. बाबांनी जायच्या आधी सांगितलं होतं."

"मग मला इतके दिवस बडबडू का दिलंस?"

"तू एवढ्या मायेने माझी समजूत काढत होतास, यार. मध्ये कसं बोलणार?"

रिक्षा सिग्नलला थांबली होती. उतरून चालत जावं असं वाटलं.

*

घरी आईने माझ्याशी बोलणंच टाकलं. भाजी काय करू, हे नीतामार्फत विचारायची. मी खोलीत आलो की कपाट आवरायला घ्यायची. एका दुपारी पाठमोरीच म्हणाली, "तुला जायचं असेल तर जा."

"कुठे?"

"घाटकोपरला."

"आई, मी छप्पन्न वर्षांचा आहे."

"मग काय झालं? तिचा आहेस तू."

तेव्हा तिला जवळ घ्यायला हवं होतं. मला ते जमलं नाही. मी म्हणालो, "पंख्याचा आवाज येतोय, माणूस बोलवायला हवा."

*

शेवटी घाटकोपरला एकटाच गेलो. मावशीने आधी जेवायला वाढलं. मग सांगायला लागली.

दोघी बहिणी बाळंतपणाला एकाच वेळी गावी गेल्या होत्या. आईचं बाळ जन्मतःच गेलं. मावशीचं, म्हणजे मी, बरा होतो, पण तिला कावीळ झाली. मला दूध पाजायला आईकडे दिलं. मावशी बरी होईपर्यंत, एवढंच ठरलं होतं. पण तिचं दुखणं लांबलं आणि आई मला घेऊन मुंबईला आली.

"बरी झाले तशी न्यायला आले होते तुला," मावशी म्हणाली. "पिशवीत दोन झबली, टोपरं. तू माझ्याकडे यायलाच तयार नाहीस. आकांत केलास. ताई नुसती उभी. मग पिशवी तिथेच ठेवून निघाले."

"मग परत का नाही आलीस?"

"आले की. दर रविवारी आले."

मला तिच्याकडे बघवेना. तेवढ्यात तिचा फोन वाजला. मावशीला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा स्पीकर कायम चालू असतो. पलीकडे आई होती.

"सुमन, पोचला का तो?"

"पोचला."

"जेवला?"

"जेवला, ताई."

मावशी फोन धरून बसली होती. मग आईने विचारलं, "पाठवतेस ना?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. पदराने तोंड पुसलं.

"पाठवते, ताई."