मोटारीच्या आधी टाकीत आलेलं पाणी

दाराला कुणी लिंबू-मिरची बांधली तर ती काढून फेकणारा माणूस आहे मी. तरी इथं लिहितोय, कारण डोकं फिरलंय... आणि दुसरीकडं सांगायची सोय नाही.

मी धाराशिवला राहतो, वायरलेस यंत्रणा बसवतो. तेरजवळच्या एका गावात पाणीपुरवठ्यासाठी आम्ही मोटार आणि पाण्याची वेळ नोंदवणारे डबे बसवले — एक नदीकाठच्या पंपघरात, एक टाकीवर, दोन व्हॉल्व्हवर. प्रत्येकात घड्याळ. टाकीवरचा डबा दर मिनिटाला बाकीच्यांची वेळ स्वतःशी जुळवून घेतो, सेकंदाचा फरक राहत नाही.

पंपघरातला मात्र सात मिनिटं पुढं. डबा बदलला, बॅटरी बदलली, अँटेना बदलला... सातच! तोच डबा माझ्या घरी आठ दिवस बरोबर चालला. शेवटी कंटाळून, नंतर बघू म्हणून, मी घड्याळं तपासल्याच्या कागदावर सही ठोकली.

पंपावर नामदेवकाका. बावीस वर्षं सकाळी सातच्या ठोक्याला मोटार चालू करणारा माणूस. रिपोर्टमध्ये रोज सात वाजून सात मिनिटं. आमच्या साहेबांनी तो गावच्या बैठकीत वाचला आणि सगळ्यांसमोर काकांना कामचोर म्हणाले.

"म्या सातलाच येतोय. कुणालाबी इचारा की!" काका म्हणाले.

मी उठलो. म्हटलं, याच रिपोर्टात टाकीत पाणी सात वाजून तीनला पडतंय. मोटारीच्या आधी पाणी कसं येईल?

साहेबांनी कागद वर धरला. "घड्याळं तपासली, बरोबर आहेत. सही तुझीच ना?"

मी खाली बसलो. काकांना घरी बसवलं.

दुसऱ्या सकाळपासून पंपघरातलं घड्याळ बरोबर. आपोआप! साहेब म्हणाले, "बघितलंस? तोच डब्यात हात घालत होता." अरे वा! आधी घड्याळ बरोबर म्हणून काका कामचोर, आता घड्याळ चुकलं होतं म्हणून काका लबाड. अकलेचा कांदा नुसता!

मागच्या सोमवारी सकाळी काका आपलं चहाचं पातेलं न्यायला पंपघरात आले. मी तिथंच होतो, चारही घड्याळं मोबाईलवर समोर. काकांनी उंबरा ओलांडला आणि पंपघराचं घड्याळ सात मिनिटं पुढं गेलं. डबा वर भिंतीवर, कुलपात — किल्ली माझ्या खिशात. काका बाहेर गेले, घड्याळ बरोबर. परत आत बोलावलं... पुन्हा सात.

मी त्यांना मोबाईल दाखवला.

"हात तर न्हाय लावला म्या. तुमी बघितलं न्हवं? मग सांगा की सायबाला."

काय सांगू? काका आत आले की घड्याळ पळतं, असं सांगितलं तर साहेबांना आयतं कोलीत मिळतं. नाही सांगितलं तर बावीस वर्षं राबलेल्या माणसावर ठपका तसाच. साहेबांचा राग येतो, त्या डब्याचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझ्या सहीचा.

काकाच का, सातच मिनिटं का... मला आजही माहीत नाही. तेव्हापासून काका रोज सकाळी फोन करतात. "सांगितलं का, सर?" एवढंच विचारतात.

मोबाईलवर त्यांच्या कॉलची वेळ बघतो मी. सात म्हणजे सात. एक दिवस चुकलेली नाही.