डावखुरा डाकू

जुन्या थोर सिनेमांवर कोणी बोलायला लागलं की मला एका जागी बसवत नाही. रडक्या प्रेमकथांना लोक डोक्यावर घेतात आणि माझ्या डाकूपटाचं नावही काढत नाहीत.

नव्वदच्या दशकात सिन्नरजवळच्या आमच्या गावी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. मधे पांढरं कापड, त्याच्या पुढे पुरुष, मागे आम्ही बायका-मुली. मागून सिनेमातल्या नावांच्या पाट्या उलट्या दिसायच्या, पण पाट्या वाचायला कोण आलं होतं? तो डाकू डाव्या हाताने पिस्तूल चालवायचा, डाव्या हातानेच भाकरी मोडायचा. मी डावखुरी. माझा डावा हात ताटाला लागला की आई चापट मारायची. त्या डाकूला बघितलं आणि ठरवलं, याच्यापुढे बाकी सगळे सिनेमे फिके.

पुढच्या बाजूला बसलेला भाऊ म्हणायचा, "तो उजव्याच हाताने मारतो." त्यावरून आम्ही वर्षानुवर्षं भांडलो.

लग्न होऊन मी नाशिकला आले. एका रविवारी भाऊ त्या सिनेमाची सीडीच घेऊन आला. डाकूने पिस्तूल उचललं, उजव्या हाताने. भाऊ गालात हसला. मी उठले, बसले, पाणी पिऊन आले, तरी चैन पडेना. सिनेमा तोच, पण अगदी सपक लागत होता. शेवटी खुर्ची फिरवली, टीव्हीकडे पाठ केली आणि कपाटाच्या आरशात बघायला लागले. डाकू डाव्या हाताने भाकरी मोडत होता.

"इकडे येऊन बस," मी भावाला म्हटलं. "सिनेमा या बाजूने बघतात."