उमरेडच्या गाडीतला पंखवाला

संध्याकाळी घरी चहा घेताना मी गाडीतलं काही सांगायला लागले, की नवरा म्हणतो, "तू हे बनवून सांगून राहिली." अहो, बनवायची गरजच काय! नागपूर-उमरेड अप-डाऊन करणाऱ्या बायका रोज त्याच एसटीत त्याच बाकांवर बसल्या, की किस्से न मागता गळ्यात पडतात.

मी उमरेडच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शेजारी वैशाली, तिथेच बँकेत कॅशियर. पुढच्या बाकावर आमच्याच शाळेच्या मुख्याध्यापिका, मेश्राम मॅडम. विषय मराठी, स्वभाव कडक. त्यांना पाहून कंडक्टरही शर्टाचं वरचं बटण लावतो! आमचं सगळं बरं चाललं होतं. मग वैशालीला त्या पुस्तकांचा नाद लागला.

*

एका सकाळी वैशाली मोबाइलवर इंग्रजी काहीतरी वाचत होती. मी सहज डोकावले. काळ्या पंखांचा एक राजकुमार, जखमी. त्याला मलमपट्टी करणारी एक वैद्यबाई. पुढच्या चार ओळींत राजकुमाराचा सदरा निघाला आणि मी गारच पडले!

"अवं, हे काय वाचून राहिली तू?"

"फँटसी रोमान्स आहे ताई. मोठ्या माणसांसाठीचा."

"दिसून राहिलं मले! सकाळी सकाळी? एसटीत? लाज आहे का काही?"

ती बिचारी ओशाळली. झटकन पान पुढे सरकवलं.

"थांब ना वं!" मी ओरडले. "माझं व्हायचं होतं अजून!"

*

मग दोघींच्या सोयीसाठी वैशालीनं छापील पुस्तकच आणलं. मुखपृष्ठावर तोच पंखवाला, उघड्या छातीचा. आमची खुसफुस ऐकून मेश्राम मॅडम मागे वळल्या. वर्गात करतात तसा हात पुढे केला. वैशालीनं मुकाट्यानं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

आता मॅडम आपली शाळा घेणार, म्हणून आम्ही दोघी धास्तावलेल्या. चार दिवसांनी पुस्तक परत आलं ते ब्राउन पेपरचं कव्हर घालून. वर मॅडमच्या मोत्यासारख्या अक्षरात लेबल, 'शैक्षणिक मानसशास्त्र'!

"मॅडम, तुम्ही वाचलं?"

"ड्रॅगन आले की मी पानं उलटते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण ती दोघं भांडतात ना, ते छान लिहिलं आहे. दोघांचंही पटतं."

आमचा आ वासलेला. पण खरा धक्का पुढेच होता. मॅडमची सून प्रीती बी.एड. करते. तिला कपाटात हे मानसशास्त्र दिसलं, आणि ती ते अभ्यासाला घेऊन गेली!

"अरे देवा! मग?"

"मग काय. परत देताना म्हणाली, आई, विषय फार आवडला. दुसरा भाग आहे का?"

*

दुसऱ्या भागात झोरेल नावाचा सेनापती मरतो. राजकुमाराचा जिवाभावाचा मित्र. आयुष्यभर एकीवर प्रेम केलं आणि तिला कळू दिलं नाही. तो मेला तेव्हा आमची गाडी भर रस्त्यात होती. वैशाली हुंदके देऊन रडायला लागली. सगळी गाडी आमच्याकडे वळून पाहायला लागली.

पलीकडच्या म्हातारीनं विचारलं, "कोण गेलं वं बाई?"

"झोरेल," वैशाली म्हणाली.

"असं कसं नाव? जवळचे होते का?"

"खूप जवळचे."

म्हातारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. कोणी पाण्याची बाटली दिली. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. तेवढ्यात कंडक्टर आला. "वय काय होतं जी त्यांचं?"

वैशालीनं नाक पुसलं. "पाचशे चाळीस."



"मग तर सोनं झालं की त्याचं!" कंडक्टर म्हणाला. "रडता काहून?"

*

एका संध्याकाळी नागपूरला उतरले, तर वैशालीचा नवरा सुनील स्टँडवर उभा. मला बाजूला घेतलं. चेहरा पांढराफटक.

"ताई, खरं सांगा. काल वैशाली फोनवर कोणाले तरी सांगत होती, मी असती तर त्यालेच निवडलं असतं, त्याच्यासाठी घरदार सोडलं असतं. कोण आहे तो?"

मी हादरलेच! फोनवर पलीकडे मीच होते ना!

"सुनीलभाऊ, तसं काही नाही. त्याले पंख आहेत."

"कोणाले पंख आहेत?"

तेवढ्यात वैशाली मागून उतरून आली. ऐकून आधी खो खो हसली. मग तिला त्याचे डोळे दिसले आणि तिचं हसू थांबलं. सगळं समजावल्यावर सुनील म्हणाला, "असं काय आहे वं त्याच्यात?"

मला वाटलं, आता ही पंख, तलवार, पिळदार दंड सांगत बसणार.

वैशाली म्हणाली, "तो तिचं पूर्ण ऐकून घेते. मधात—"

"अन् मी काय ऐकत नाही का?" सुनील मधातच बोलला.

सुनीलनं मान खाली घातली. मग म्हणाला, "बोल. मी ऐकून राहिलो."

वैशाली बोलायला लागली. मी माझी पिशवी उचलून तिथून निघाले.

*

गजभिये साहेब उमरेडचे. कोळसा खाणीतून रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झाली; मॅडमही तशाच एकट्या, मिस्टर कधीचे गेलेले. दर शनिवारी लेकीकडे नागपूरला जायचे. एकदा मॅडमच्या शेजारी बसले आणि विचारलं, "मानसशास्त्र वाचता का मॅडम?" मॅडम तोंडानं खोटं बोलत नाहीत. खरं सांगितलं आणि लालबुंद झाल्या. त्या दिवसापासून दर शनिवारी दोघांच्या गप्पा नागपूर येईपर्यंत संपायच्या नाहीत.

मग एका सोमवारी मॅडम मागे वळून म्हणाल्या, "आम्ही लग्न करतो आहोत." माझ्या हातातला डबा खाली पडला!

"प्रशांतला सांगितलं?" मी विचारलं. प्रशांत म्हणजे त्यांचा मुलगा.

"सांगितलं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही."

त्या शनिवारी गाडी उमरेड स्टँडवरून सुटणार, तोच प्रशांत आत चढला. प्रीतीला मागे बसवून नागपूरहून मोटारसायकलनं आला होता. सगळ्या गाडीसमोर म्हणाला, "आई, उतर खाली. लोक हसून राहिले आपल्यावर."

गजभिये साहेब उठायला लागले. "मी उतरतो."

मॅडमनी त्यांची बाही पकडली. आमच्या मेश्राम मॅडमनी! सगळ्यांदेखत!

"प्रशांत, मी तिकीट काढलं आहे," त्या म्हणाल्या. "बायकांचं अर्धं असलं म्हणून काय झालं, माझं आहे."

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. "साहेब, बसता का उतरता? टाइम झाला."

तेवढ्यात प्रीती गाडीत चढली. नवऱ्याला ओलांडून पुढे आली, तीन सीटच्या त्या बाकाशी थांबली आणि गजभिये साहेबांना म्हणाली, "बाबा, जरा सरकता का?"

बसली. पदर सावरला. मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुम्ही मोटारसायकल घेऊन या मागून."